साडेसहाची सांगली

पहाटे 4.45. कोल्हापूर, मंगळवार पेठ. काकू आधी चुलाण्यावर पाणी ठेवतात, मग कालची फुलस्केप पानं काढतात. वय 61. एकतीस प्रेमकथा छापून झाल्या, ही बत्तिसावी. टेबल नाही. शिलाई मशीनचं डोकं आत पाडायचं, वर पाट ठेवायचा, त्यावर लिहायचं. दहा रुपयांचं बॉलपेन. कागदाच्या एकाच बाजूला, दोन बोटं समास सोडून.

5.10. नायिका जयसिंगपूरला दवाखान्यात नर्स. नायक इथं उद्यमनगरात लेथवर. दोघं भेटणार कुठं, यावर काकू कालपासून अडल्यात. रंकाळ्यावर तिचा मामा फिरायला येतो. अंबाबाईच्या देवळात ओळखीचं कुणीतरी भेटतंच. "प्रेम जमायला एक पान पुरतं बघा," त्या म्हणतात, "जागा शोधण्यात अख्खं प्रकरण जातंय."

7.30. चार पानं झाली, दीड खोडलं. आता भाकरी, आमटी, मुलाचा डबा.

10.15. करवीर नगर वाचन मंदिर. 1850 पासूनचं. काकू पुस्तक उघडून आधी पाठीमागच्या तारखा बघतात. किती वेळा बाहेर गेलं, ते तिथं कळतं. फडके, काकोडकर त्यांनी आईच्या कार्डावर वाचले. ना. सी. फडके इथल्याच राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. काकोडकरांच्या 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला झाला, सुप्रीम कोर्टात 1969 साली ते सुटले. "आई त्यांची पुस्तकं उशीखाली ठेवायची," काकू सांगतात. "सकाळी परत तीच चूल, तीच भांडी. पण चेहरा वेगळा असायचा." त्या चेहऱ्यासाठीच त्या लिहितात, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

11.40. डीटीपीचं दुकान. पानाला 25 रुपये, 22 पानं, 550. प्रकाशकाला फाइल श्रीलिपीतच लागते, आणि हा खर्च काकूंचा. कादंबरीचे एकरकमी पंधरा हजार मिळतात. एका दिवाळी अंकाचं गेल्या वर्षीचं मानधन अजून यायचंय. टाइप करणारी पोरगी पहिली वाचक. "काकू, इथं मी रडलो," ती सांगते. कोल्हापूरच्या पोरी रडतात त्याही 'रडलो' म्हणूनच. मग लगेच विचारते, "पण ती फोन का करत नाही त्याला?" काकू गप्प होतात. वॉर्डात फोन लॉकरमध्ये ठेवायला लागतो, घरी भावाच्या हातात असतो. हे कथेत आलेलंच नाही. समासात टीप जाते.

दुपारी जेवण, तासभर झोप, दोन ब्लाउजना हुक. त्याचे साठ रुपये.

5.50. मध्यवर्ती बसस्थानक. दहाचे शेंगदाणे घेऊन काकू सांगलीच्या फलाटावर बसतात. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून त्यांच्या नायिका इचलकरंजी, मिरज, सांगली भरपूर फिरतात. काकूही फिरतात. शेजारणींचं बोलणं ऐकायला खिडकी सोडून आतल्या सीटवर बसतात.

6.30. गाडी लागते. गर्दी दाराशी. एक पोरगा खिडकीतून रुमाल टाकतो, कोपर मारत आत शिरतो, जागा धरतो. मागून एक मुलगी सावकाश चढते. तो उठतो, ती बसते. रुमाल तिच्या मांडीवरच राहतो. दोघं एक शब्द बोलत नाहीत. तो खाली उतरतो आणि दुसरीकडे बघत उभा राहतो. गाडी 6.41 ला सुटते.

काकूंनी शेंगदाण्याची पुडी उलगडून कागदावर वेळ लिहून घेतलीय. "अकरा मिनिटं," त्या म्हणतात. "पुष्कळ झाली."

9.20. भांडी झाली. मशीनवर पुन्हा पाट. पहाटेची चारही पानं बाजूला. काकू लिहितात, 'निळा रुमाल'. थांबतात. निळा खोडतात. लेथवरचा पोरगा आहे, रुमालाला कटिंग ऑइलचा वास असणार. तो वास मुलीला जयसिंगपूरपर्यंत येणार. पेन पुन्हा चालू लागतं.