परमुलखात विजेची मोटार भाड्याने घेताना

जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरी दरवर्षी जानेवारीत 'हाइमटेक्स्टिल' हे घरगुती कापडाचे मोठे प्रदर्शन भरते. सोलापूरचे टॉवेलवाले, निरनिराळ्या प्रांतांतले चादरी-पडद्यांचे निर्यातदार तेथे हजेरी लावतात. पुढच्या महिन्यात त्याच शहरात 'अँबिएंटे' भरते, तेव्हा मुरादाबादच्या पितळकामवाल्यांची पाळी येते. प्रदर्शन आटोपले की नमुन्यांच्या जड बॅगा घेऊन हॉलंड-बेल्जियमच्या गिऱ्हाइकांकडे जावे, म्हणून काहीजण तेथेच मोटार भाड्याने घेतात. हल्ली काउंटरवरचा माणूस पुष्कळदा विजेवर चालणारी गाडीच पुढे करतो. भाडे कमी असते, गाडी नवी कोरी असते, आणि आपला माणूस खुशीने चावी घेतो. पुढे दोनशे किलोमीटरवर थंडीत, अनोळखी यंत्रापुढे उभे राहिल्यावर खरा व्यवहार सुरू होतो. त्या व्यवहाराचा हिशेब येथे मांडत आहोत.

प्रथम एक धास्ती काढून टाकू. यंत्राची भाषा परकी असली तरी माप आपल्या ओळखीचेच आहे. तिकडे ज्याला किलोवॅट-तास म्हणतात, तो म्हणजे आपल्या वीजबिलावरचा एक युनिट. मध्यम गाडीच्या बॅटरीत साधारण साठ युनिट मावतात. उन्हाळ्यात बेताच्या वेगाने गाडी शंभर किलोमीटरला सतरा-अठरा युनिट खाते. जानेवारीच्या कडाक्यात जर्मन महामार्गावर १३० चा वेग ठेवला आणि आत हीटर चालू असला, तर हाच आकडा पंचवीसवर जातो. म्हणजे भरलेली बॅटरी अडीचशे किलोमीटरही पुरत नाही. जाहिरातीत लिहिलेला पल्ला हिवाळ्यात धरून चालणारा माणूस वाटेत अडकलाच म्हणून समजावे.

प्लगची अडचण आता युरोपात जवळजवळ उरलेली नाही. त्यामागे एक किस्सा आहे, तो आमच्या कारागीर वाचकांना आवडेल. जर्मनीच्या साउअरलँड या डोंगराळ भागात किर्शहुंडेम नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १९३५ साली आलॉयस मेनेकेस यांनी विजेच्या कामाचा एक छोटा कारखाना काढला. प्लग आणि सॉकेट हाच पुढे त्या घराण्याचा धंदा झाला. २००९ च्या सुमारास त्यांनी मोटारीसाठी सात पिनांचा प्लग बनवला. त्याच वेळी फ्रान्स-इटलीच्या कारखानदारांनी आपला निराळा प्लग पुढे आणला होता आणि फ्रान्सच्या रस्त्यांवर त्याची सॉकेटे बसवलीही होती. अखेर २०१४ साली युरोपीय संघाने कायदा केला आणि खेड्यातल्या मेनेकेसचा प्लग, म्हणजे 'टाइप टू', साऱ्या खंडाला लागू झाला. फ्रेंचांची सॉकेटे हळूहळू भंगारात गेली. माल चांगला असूनही मापाच्या लढाईत हरला की काय होते, हे यंत्रमागवाल्यांना वेगळे सांगायला नको.

जलद चार्जिंगसाठी त्याच प्लगाखाली दोन जाड पिना जोडलेल्या असतात. त्याला 'सी.सी.एस. टू' म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक विजेच्या मोटारींनाही हीच जोडणी असते, त्यामुळे ज्यांनी येथे अशी गाडी वापरली आहे त्यांचा हात तेथे अडखळणार नाही. जपानी पद्धतीचा 'चाडेमो' प्लग जुन्या निसान लीफसारख्या गाड्यांना असतो. तो मागे पडत चालला आहे, म्हणून भाड्याने अशी गाडी देऊ केली तर घेऊ नये. आखातात जाणाऱ्यांनी मात्र सावध असावे. तेथे चीनमधून परस्पर आणलेल्या काही गाड्यांना चिनी पद्धतीचा प्लग असतो आणि तो सगळीकडच्या यंत्रात बसत नाही.

आता मुख्य गोष्ट, पैसे. पेट्रोल पंपावर भावाची पाटी दुरून दिसते. चार्जिंगचे तसे नाही. एकाच यंत्रावर, एकाच वेळी, दोन माणसे निरनिराळ्या भावाने वीज घेत असतात. एकाकडे त्याच कंपनीचे मासिक वर्गणीचे खाते असते, दुसऱ्याकडे भलत्याच कंपनीचे कार्ड असते आणि मधला दलाल आपला वाटा ठेवतो. तिसरा नुसते बँकेचे कार्ड दाखवतो. हा तिसरा सहसा सर्वांत महाग घेतो, आणि परदेशी पाहुणा तिसऱ्यातच मोडतो. बी.एम.डब्ल्यू., डाइमलर, फोर्ड आणि फोक्सवॅगन यांनी मिळून २०१७ साली काढलेल्या आयोनिटी कंपनीचे उदाहरण बोलके आहे. सुरुवातीला कितीही वीज घ्या, एका वेळचे आठ युरो, असा ठोक भाव होता. २०२० च्या जानेवारीअखेर तो बदलून युनिटला ७९ सेंट झाला. ज्यांच्याकडे मोटार कंपनीचा करार होता त्यांना मात्र वीज कितीतरी स्वस्त पडत राहिली.

या ७९ सेंटांचाच हिशेब करून पाहू. फ्रँकफर्ट ते रॉटरडॅम अंतर साडेचारशे किलोमीटरच्या घरात आहे. हिवाळ्यात शंभराला पंचवीस युनिट धरले तर ११२ युनिट लागतील. भरलेल्या गाडीतले साठ वजा केले आणि शेवटी दहा युनिट शिल्लक ठेवायचे म्हटले, तर वाटेत साठ-बासष्ट युनिट घ्यावे लागतात, म्हणजे ४९ युरो. शंभर किलोमीटरला खर्च पडला जवळजवळ वीस युरो. २०२४ साली जर्मनीत पेट्रोल लिटरला सुमारे पावणेदोन युरो होते. सात लिटर खाणारी पेट्रोलची गाडी तेवढ्याच अंतराला सव्वाबारा युरो घेई. तेव्हा वीज स्वस्त ही समजूत घरी चार्ज करणाऱ्या जर्मन माणसाच्या बाबतीत खरी असेल, महामार्गावर बँकेचे कार्ड दाखवणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत ती उलटी पडते. भाड्यात वाचलेले युरो विजेत निघून जातात. सात-आठ दिवसांची फेरी असेल तर एखाद्या मोठ्या कंपनीची महिन्याची वर्गणी भरून कमी भावाने वीज घेणे परवडते. परत आल्यावर ती बंद करायला मात्र विसरू नये.

माप आणि भाव यांबाबत कायदा अलीकडे गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकला आहे. पूर्वी काही ठिकाणी मिनिटावर पैसे घेत. थंडीत बॅटरी सावकाश भरते, त्यामुळे वीज थोडी आणि बिल मोठे असा प्रकार होई. कापड मीटरवर न विकता दुकानात उभे राहण्याच्या वेळेवर विकावे, तशातला हा धंदा. जर्मनीचा वजनमापाचा कायदा कडक आहे. तेथे यंत्रातला मीटर प्रमाणित असावा लागतो आणि गिऱ्हाइकाला नंतर आकडा पडताळून पाहता येतो. १३ एप्रिल २०२४ पासून साऱ्या युरोपीय संघात नवा नियम लागू झाला. त्या तारखेनंतर बसवलेल्या ५० किलोवॅट व त्याहून मोठ्या सार्वजनिक यंत्रावर बँकेचे कार्ड चाललेच पाहिजे आणि भाव युनिटवरच सांगितला पाहिजे. मुख्य महामार्गांवरच्या जुन्या यंत्रांना कार्डाची सोय करण्यासाठी १ जानेवारी २०२७ ची मुदत दिली होती. कोकणातली पुष्कळ कुटुंबे ज्या ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत, तेथेही नोव्हेंबर २०२४ पासून जलद यंत्रांवर कार्ड टेकवून पैसे देण्याची सोय सक्तीची झाली.

कायदा तिकडे कार्ड घ्यायला लावतो, पण आपले कार्ड आपणच बंद ठेवलेले असते! रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड फक्त देशातल्या एटीएम व दुकानातल्या यंत्रावर चालते. परदेशातला वापर आणि कार्ड नुसते टेकवून पैसे देण्याची सोय, दोन्ही खातेदाराने स्वतः सुरू करून घ्यावी लागतात. चार्जिंगच्या पुष्कळशा यंत्रांना कार्ड आत घालायची खाचच नसते, ते टेकवायचेच असते. आमच्या ओळखीचे एक टॉवेल निर्यातदार कोलोनजवळ पाऊण तास यंत्राशी झटत राहिले. कार्डात पैसे होते, सोय तेवढी बंद होती. शेवटी शेजारच्या गाडीवाल्याने आपल्या कार्डाने वीज देऊन रोख युरो घेतले. निघण्यापूर्वी घरीच बँकेच्या ॲपमधून या दोन्ही सोयी सुरू कराव्यात. निराळ्या बँकांची दोन कार्डे जवळ ठेवावीत. ओ.टी.पी. येणारे सिमकार्ड परदेशात चालू राहील याची तजवीज करावी, कारण ॲपमध्ये कार्ड नोंदवताना तो लागतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. वीज सुरू होण्याआधी यंत्र कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवते. खरे बिल तीस युरोचे असले तरी अडकलेली मोठी रक्कम सुटायला काही दिवस लागतात. प्रीपेड फॉरेक्स कार्डात मोजके पैसे घेऊन निघालेल्या माणसाची यात पंचाईत होते. शिवाय परकी चलनावर बँकेचा वरकड आकार असतोच.

यंत्रावर चिकटवलेल्या क्यू.आर. कोडपासून चार हात दूर राहावे. मूळ कोडावर खोटा कोड चिकटवून कार्डाचा नंबर लुबाडण्याचे प्रकार जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये उघडकीस आले आहेत. कार्डयंत्र असेल तर तेच वापरावे. नसेल तर कंपनीचे ॲप आधीच भरून ठेवलेले असावे.

थांबायचे कोठे, हेही निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. वर सांगितलेल्या प्रवासात पहिला थांबा कोलोनच्या आसपास, दुसरा हॉलंडमध्ये आइंडहोव्हनच्या बाजूला घेता येतो. हॉलंडमध्ये फास्टनेड कंपनीची पिवळ्या छपरांची केंद्रे दुरूनही दिसतात आणि तेथे बँकेचे कार्ड चालते. शिवाय त्या देशात मार्च २०२० पासून बहुतेक महामार्गांवर दिवसा १०० ची वेगमर्यादा आहे, त्यामुळे गाडी आपोआप वीज कमी खाते. बॅटरी दहा-पंधरा टक्क्यांवर आली की थांबावे आणि ऐंशी टक्के झाली की निघावे. ऐंशीनंतर वीज इतक्या हळू शिरते की शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या साठांइतका वेळ जाऊ शकतो. गाडीच्याच नकाशात चार्जिंगचे ठिकाण टाकले तर पुष्कळ गाड्या वाटेत बॅटरी गरम करून ठेवतात. थंडीत याने बराच वेळ वाचतो.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मुक्कामाचे हॉटेलच चार्जिंगची सोय पाहून घेणे. ११ किलोवॅटच्या साध्या यंत्रावर पाच तासांत पन्नासावर युनिट भरतात आणि सकाळी गाडी तयार असते. शहरातल्या रस्त्यावरच्या यंत्रावर रात्रभर गाडी लावून झोपी जाऊ नये. काही कंपन्या चार तासांनंतर दर मिनिटाला जादा आकार लावतात. बंदरातले डेमरेज ज्यांनी भरले आहे त्यांना याचे स्वरूप लगेच कळेल.

एकट्या माणसाला फ्रँकफर्टहून थेट ॲमस्टरडॅमला जायचे असेल आणि सोबत एकच बॅग असेल, तर आमच्या मते आगगाडी बरी. चार तासांत पोहोचता येते. मोटारीचा खरा उपयोग दोघे-तिघे मिळून निघाले, नमुने जड असले आणि गिऱ्हाइके लहान गावांत विखुरलेली असली तरच होतो.

गाडी घेताना करारात दोन गोष्टी वाचाव्यात. परत देताना बॅटरी किती टक्के भरलेली हवी आणि कमी भरल्यास दंड किती, ही पहिली. दुसरी तारेची. रस्त्यावरच्या साध्या यंत्रांना बहुधा स्वतःची तार नसते, गाडीतली तार काढून जोडावी लागते. ती डिकीत आहे की नाही हे काउंटर सोडण्यापूर्वी उघडून पाहावे आणि तिचा फोटो काढून ठेवावा. हरवल्यास तिची किंमत गाडी घेणाऱ्याच्या नावावर पडते, आणि ती किंमत शेकडो युरोंत जाऊ शकते.