आंबिलीची हंडी जीपमध्ये

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळ्ळमावस, आली की बिदर-कलबुर्गीकडची बिऱ्हाडं शेताकडे निघतात. पूर्वी बैलगाडीत कडब्याचा जाड थर असे, त्यात आंबिलीची हंडी रुतून बसायची. आता जीप आली, वेग आला, कडबा मात्र गेला.

एका वर्षी आळंदच्या वाटेवर आमच्या दिरांना गतिरोधक दिसलाच नाही. करकचून ब्रेक! हंडी कलंडली, नैवेद्याची आंबील पायपुसण्यावर. त्याहून वाईट म्हणजे सीटवरचं भज्जीचं जड पातेलं सरळ पुढे उडालं. पुतण्याचा पाय थोडक्यात वाचला. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "सिंबी एल्लद?"

चुंबळ घरीच राहिली होती! हंडीचं बूड गोल, तिला जुन्या लुगड्याची चुंबळ हवीच. शिवाय ब्रेक लागला की सामान पुढे धावतं. म्हणून जड भांडी सीटवर नकोत, पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून खाली ठेवावीत आणि फटीत गोधड्या कोंबाव्यात. हंडी काठोकाठ भरू नये. आंबील आंबत असते, तेव्हा घट्ट झाकणाऐवजी तोंडाला फडकं बांधावं. विळी गोणपाटात गुंडाळावी. परदेशातल्या घरगाड्यांत कपाटांनाही प्रवासापुरत्या खिट्ट्या असतात म्हणे; आपल्याकडे डब्याला सुतळी पुरते.

आमच्या जाऊबाई अजून हंडी मांडीवरच धरतात. मला ते पटत नाही. झटका बसला की हात आधी स्वतःला सावरतात.

परतताना भांडी रिकामी असतात, पण चुंबळ तेव्हाही लागते. गेल्या खेपेला ती शेतातच विसरली होती.