यादीबाहेरचे डोंगर

सह्याद्रीत दरडी पूर्वीही कोसळत. पण गेल्या वीस वर्षांत जुलै महिना आला की एखाद्या वाडीचे नाव प्रथमच राज्यभर कळते, आणि ते कळते तेव्हा वाडी उरलेली नसते.

२००५च्या जुलैमध्ये मुंबई बुडाली, तिचीच आठवण राहिली. त्याच पावसात महाड परिसरातल्या दासगाव, जुई, कोंडिवते या गावांवर डोंगर आले, ते मात्र रायगड जिल्ह्याबाहेर लवकर विसरले गेले. ३० जुलै २०१४ला माळीण हे गाव दरडीखाली गेले, १५१ माणसे गेली. गाव दिसत नाही, हे बाहेर कळले ते एसटीच्या चालकामुळे. मग चर्चा रंगली ती पडकईची, म्हणजे उतारावर भातखाचरे काढण्याच्या पद्धतीची. त्यासाठी यंत्रे लावली, म्हणून डोंगर सुटला, असे म्हटले गेले. मला हा निवाडा फार सोयीचा वाटतो. पडकई पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रश्न उतार किती तोडला आणि पाण्याला वाट ठेवली का, हा आहे.

कारण दरड पाण्याने सुटते. खाली काळा बेसॉल्ट, वर झिजून भुसभुशीत झालेला मातीचा थर. पाणी मुरत मुरत खडकाशी अडले की मातीची पकड सैल होते. आठवडाभराची रिपरिप डोंगर सोसतो. तेवढेच पाणी दोन दिवसांत आले तर त्याला ते बाहेर टाकायला सवड मिळत नाही. समुद्र तापल्याने हवेत बाष्प वाढले आहे आणि नेमका असा पाऊस वाढतो आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवले. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात महाडजवळचे तळिये गाव दरडीखाली दबले, आणि महाड पुरात असल्याने मदत वेळेवर वर पोचलीच नाही.

उतार तोडण्याबद्दल इशाराही मिळाला होता. २०११मध्ये पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीने घाटातल्या खाणी, बांधकामे यांवर बोट ठेवले होते. तो अहवाल बाजूलाच पडला.

१९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे बेपत्ताच राहिली. वाडीला रस्ता नव्हता, त्यामुळे ढिगारा उपसायला यंत्र वर नेता आले नाही. सरकारच्या दरडप्रवण यादीत या वाडीचे नावच नव्हते. मागच्या दुर्घटनांवरून जोखीम ठरवायची, तर बदलत्या पावसापुढे यादी मागेच पडणार.

म्हणून वाडीतच पर्जन्यमापक हवा, तो रोज वाचणारे वाडीतलेच माणूस हवे आणि किती मिलिमीटरला खाली उतरायचे हे आधी ठरलेले हवे. उताराला भेग पडली, झरा अचानक गढूळला, झाडे कलली, ही लक्षणे डोंगरातल्या लोकांना कळतात. तलाठ्याला फोन केल्यावर पुढे काय, हे कळत नाही. पावसाळ्यापुरते स्थलांतर सुचवणाऱ्यांनी तर पंचांग पाहिलेले नसते. जुलै हा भातलावणीचा महिना. शाळेच्या खोलीत माणसे मावतील. गुरे कुठे बांधायची आणि लावणीला रोज वर कसे जायचे, याची सोय केल्याशिवाय कोणी खाली येणार नाही.