विषारी शैवालाचे भाकीत

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील ईरी सरोवराच्या उथळ पश्चिम भागात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नीलहरित शैवालाची, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंची, बेसुमार वाढ होते आणि त्यांतील मायक्रोसिस्टिस ही प्रजाती यकृताला घातक असे मायक्रोसिस्टिन हे विष निर्माण करते. ऑगस्ट २०१४ मध्ये ते नळाच्या पाण्यात आढळल्याने सरोवराकाठच्या टोलेडो शहराच्या परिसरातील ४ लाखांहून अधिक लोकांना ते पाणी पिण्यास मनाई करावी लागली.

या वाढीचे मुख्य कारण म्हणजे मॉमी नदीतून वाहून येणारे शेतखतांतील फॉस्फरस. संगणकीय प्रारूपे, म्हणजे नैसर्गिक प्रक्रियांची गणिती मांडणी, वसंतापासून जुलैपर्यंत नदीने आणलेल्या फॉस्फरसवरून हंगामाची तीव्रता वर्तवतात, तर उपग्रहांनी टिपलेला शैवालाचा थर वारा आणि प्रवाहांमुळे येत्या काही दिवसांत कोठे सरकेल, हे दुसऱ्या प्रकारची प्रारूपे सांगतात. अनेक प्रारूपांचे निष्कर्ष ताडून पाहूनच दोन्ही देशांनी २०१६ मध्ये सरोवरात येणारे फॉस्फरस २००८ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. भाकितामुळे जलशुद्धीकरण केंद्रे वेळीच सावध होतात. मात्र सरोवर खऱ्या अर्थाने वाचवायचे, तर खत शेतातच थोपवले पाहिजे.