इंजिन बंद पडलं? छे, थांबलंय!

मुलांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी नवी मोटार असेल, तर ही गंमत तुम्ही पाहिली असेल. लाल सिग्नल लागतो, गाडी थांबते आणि इंजिनही गप्प! दिवे चालू, रेडिओ चालू; फक्त घरघर नाही. मागे बसलेली आजी म्हणते, "अरे, गाडी बंद पडली वाटतं!" इतक्यात हिरवा दिवा लागतो. बाबा क्लच दाबतात आणि इंजिन पुन्हा सुरू.

या सोयीला 'स्टार्ट-स्टॉप' म्हणतात. काही घरांत ती आवडते. काही घरांत मात्र गाडी सुरू केली की पहिलं काम म्हणजे ही सोय बंद करणं! "इंजिन झिजेल", "बॅटरी उतरेल" अशी भीती वाटते. खरं काय? चला, तपासून बघू या.

कल्पना तशी जुनीच आहे. रेल्वेचं फाटक पडलं की रिक्षावाले काका काय करतात? इंजिन बंद करतात. तेच काम गाडीने आपलं आपण करायचं, एवढंच. १९७३ साली जगात तेलाची टंचाई झाली, पेट्रोल महागलं. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, जपानच्या टोयोटा कंपनीने आपल्या 'क्राउन' गाडीत अशी सोय करून पाहिली. आपल्याकडे २००८ मध्ये महिंद्र कंपनीने 'स्कॉर्पिओ'मध्ये ती आणली. २०१४ मध्ये हीरो कंपनीची 'स्प्लेंडर आयस्मार्ट' ही मोटारसायकल आली. न्यूट्रलमध्ये पाच सेकंद उभी राहिली की तिचं इंजिन बंद होई आणि क्लच दाबला की सुरू.

गाडीला हे कळतं कसं? गाडीत एक छोटा संगणक असतो. चाकं थांबली का, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, इंजिन पुरेसं गरम आहे का, बॅटरीत वीज आहे का, असे प्रश्न तो सेन्सरना विचारतो. सगळी उत्तरं "हो" आली, तरच इंजिन थांबवतो. म्हणून सकाळी इंजिन थंड असताना ते सिग्नलला बंद होत नाही. उन्हाळ्यात एसीला जोर लावावा लागत असेल, तर मध्येच आपोआप सुरूही होतं. ऑटोमॅटिक गाडीत क्लचऐवजी ब्रेकवरून हे ठरतं. पाय ब्रेकवर तोवर इंजिन शांत. पाय उचलला की सुरू.

आता पाटी-पेन्सिल घ्या. लहान पेट्रोल गाडीचं इंजिन नुसतं उभ्या-उभ्या चालू राहिलं, तर तासाला साधारण ६०० मिलिलिटर पेट्रोल जळतं. म्हणजे मिनिटाला १० मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचे दोन चमचे! रोज चार सिग्नल, प्रत्येकी एक मिनिट धरा. दिवसाला ४० मिलिलिटर. महिन्यातले २५ दिवस धरले, तर एक लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आणि आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून जास्त तेल परदेशातून विकत घेतो.

"पण पुन्हा सुरू करताना जास्त पेट्रोल लागतं ना?" असं बाबा म्हणतील. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना लागायचं. आताच्या गाड्या पेट्रोल अगदी मोजून घेतात. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल, तर इंजिन बंद करण्यातच फायदा. इंजिन झिजण्याचं म्हणाल, तर अशा गाडीचा स्टार्टर आणि बॅटरी मुद्दाम जास्त दणकट दिलेली असते. बॅटरी बदलताना मात्र त्याच प्रकारची घ्यावी लागते आणि ती महाग असते. स्वस्तातली साधी बसवली, तर लवकर खराब होते.

मग ही सोय बंद करणारे चुकतात का? नेहमीच नाही. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात आणि दर दोन-तीन सेकंदांनी थांबतात, तेव्हा बचत होत नाही, त्रासच होतो. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं असेल, तर त्यातून जाताना इंजिन थांबू नये. अशा वेळी बटण दाबून ही सोय बंद करावी. बटणावर बहुधा इंग्रजी 'ए' अक्षर आणि त्याभोवती गोल बाण असतो. बहुतेक गाड्यांत पुढच्या वेळी गाडी सुरू केली की ही सोय आपोआप परत चालू होते. ते टाळायला काही जण वायर किंवा सेन्सरच काढून टाकतात. तसं करू नये. तोच सेन्सर इतर कामांनाही लागत असतो, शिवाय कंपनीची वॉरंटी जाऊ शकते.

आणखी एक लक्षात ठेवा. गप्प झालेली गाडी म्हणजे बंद गाडी नव्हे! ती कोणत्याही क्षणी निघू शकते. म्हणून सिग्नलला दार उघडू नका, गिअरला हात लावू नका. बटणही बाबा-आईच दाबतील.

आता तुमच्या शाळेच्या फाटकाशी या. शाळा सुटायच्या वेळी मोटारी, व्हॅन, स्कूटर उभ्या असतात, आणि कितीतरी गाड्यांची इंजिनं चालूच! गाडीच्या धुराचं नळकांडं जमिनीपासून फार उंच नसतं. पहिली-दुसरीतल्या मुलांचं नाकही मोठ्यांपेक्षा त्याच्या कितीतरी जवळ. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, नायट्रोजनचे ऑक्साइड असतात. मी रोज मुलांना रांगेने बाहेर सोडते, तेव्हा लहानग्यांची रांग याच धुरातून जाते. तिथे दहा-दहा मिनिटं थांबायचं असतं. तिथे कसला सेन्सर हवा? किल्ली फिरवली की झालं! गाडी जुनी असो की नवी, हे 'स्टार्ट-स्टॉप' सगळ्यांकडे आहे.

तर या आठवड्याचा उद्योग असा: वहीत रकाने आखा. गाडीत, रिक्षात किंवा बसमध्ये बसलात की प्रत्येक सिग्नलला किती सेकंद थांबलात, इंजिन चालू होतं की बंद, ते लिहा. दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळा किती? किती चमचे पेट्रोल उगाच जळलं? रविवारी सगळे निवांत असताना ती वही बाबांना, आईला दाखवा. भांडू नका हं, फक्त बेरीज दाखवा. आणि तुमच्याच दारी शाळेची व्हॅन येत असेल, तर व्हॅनवाल्या काकांनाही दाखवायला विसरू नका.