वाढत्या झुडपांखालचा टुंड्रा

अलास्कातल्या टूलिक सरोवराजवळ १९८१ साली टुंड्राच्या काही वाफ्यांना दरवर्षी नत्र आणि स्फुरद द्यायला सुरुवात झाली. इतक्या उत्तरेला कोणी शेती करणार नव्हते. प्रश्न वेगळा होता. थंडीमुळे तिथली माती फार सावकाश कुजते, त्यामुळे वनस्पतींची कायम उपासमार असते. हवामान तापले, कुजणे वेगाने होऊ लागले आणि अन्न मोकळे झाले, तर ते कोणाच्या पदरात पडेल? टेरी चॅपिन, गस शेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवेची उष्णता, सावली आणि खत यांचे परिणाम वेगवेगळे तपासले. १९९५ साली त्यांनी नऊ वर्षांचा हिशेब मांडला. त्यानंतर तीन दशके उलटली आहेत. एवढ्या काळात हाती आलेला पुरावा एकत्र पाहिला, तर मला एक गोष्ट ठळक दिसते: टुंड्रावरचा हवामानबदल हिरवेपणावरून किंवा प्रजातींच्या संख्येवरून कळत नाही. तो झाडोऱ्याच्या उंचीवरून कळतो. कोण वर चढले आणि कोण त्याच्या सावलीत गेले, ही तिथली खरी घडामोड आहे.

टूलिकचा मूळ टुंड्रा जवळून पाहिला तर त्यात कोणाचीच मक्तेदारी नाही. कापसासारखे पांढरे बोंड धरणाऱ्या लव्हाळ्याचे घट्ट ठोंब, त्यांच्यामधल्या खळग्यांत ओलसर शेवाळाची गादी, तिच्यावर लायकेन आणि मधूनमधून गुडघ्याखाली राहणारा खुरटा भूर्ज. या भूर्जाचे पान नखाएवढे गोल आणि दातेरी काठाचे असते. एरवी त्याच्या फांदीवर बहुतेक आखूड कोंब येतात. ते पाने धरतात, पण लांबत नाहीत. मुळांशी अन्न वाढले की तेच कोंब लांब फांद्या होऊन पसरू लागतात. लव्हाळ्याला असे पसरता येत नाही, शेवाळाला तर नाहीच. खत दिलेल्या वाफ्यांत भूर्जाने काही वर्षांत सगळे छत व्यापले. तापमान आणि खत वाढवलेल्या वाफ्यांत प्रजातींची संख्या ३० ते ५० टक्क्यांनी घटली आणि गेल्या त्या मुळातच विरळ असलेल्या वनस्पती. त्याच अहवालातला दुसरा निष्कर्ष मला तितकाच मोलाचा वाटतो: पहिल्या तीन वर्षांत दिसलेल्या प्रतिसादावरून नवव्या वर्षीच्या वनस्पतीसमूहाचा नीट अंदाज बांधता येत नव्हता.

एका सरोवराकाठच्या वाफ्यांवरून साऱ्या उत्तर ध्रुवीय प्रदेशाबद्दल बोलायचे का, हा आक्षेप रास्त होता. म्हणूनच १९९० साली अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोग उभा केला. साधन अगदी साधे: वरून उघडी, आतली हवा एक ते तीन अंशांनी उबदार ठेवणारी पारदर्शक कुंपणे. २००६ साली अकरा ठिकाणांचे निष्कर्ष एकत्र आले, तेव्हा पानगळीची झुडपे आणि गवते उंचावलेली दिसली, शेवाळ आणि लायकेन घटलेले दिसले. तरी कुंपण हे कुंपणच. ते वारा अडवते, बर्फ साचवते. पण कुंपणाबाहेर काय चालले होते? अमेरिकी नौदलाने १९४८ ते १९५० या काळात तेलाच्या शोधात उत्तर अलास्काची हवाई छायाचित्रे काढली होती. मॅथ्यू स्टर्म, चार्ल्स रसीन आणि केन टेप यांनी पन्नास वर्षांनी त्याच जागांची पुन्हा छायाचित्रे घेतली आणि २००१ साली दाखवून दिले, की आल्डर, विलो आणि भूर्ज यांची झुडपे तिथे दाटली आहेत, नव्या उतारांवर पसरली आहेत. २०१२ साली ४६ ठिकाणच्या १५८ वनस्पतीसमूहांची, कोणतीही कृत्रिम ऊब न दिलेली नोंद तपासली गेली. तिथेही झाडोरा उंचावत होता. २०१८ साली ११७ ठिकाणांच्या अभ्यासातून तेच पुढे आले. प्रयोग, जुने छायाचित्र आणि नैसर्गिक वाफा हे तिन्ही साक्षीदार एकच सांगत असतील, तर कुंपणाचा दोष पुढे करून निष्कर्ष टाळता येत नाही.

दरम्यान उपग्रह वेगळेच चित्र रंगवत होते. रंगा मायनेनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले, की १९८१ ते १९९१ या दशकात उत्तरेकडचा पट्टा अधिक हिरवा झाला. पुढे १९८५ ते २०१६ या काळातल्या टुंड्राच्या बारकाईच्या पाहणीत सुमारे ३७ टक्के जागा हिरवळलेल्या आणि पाच टक्क्यांच्या आसपास करपलेल्या निघाल्या. यावरून एक आशावादी युक्तिवाद निघतो: झाडे वाढली तर कार्बन शोषला जाईल, मग तक्रार कसली? उत्तर पुन्हा टूलिकच्याच मातीत आहे. वीस वर्षे खत मिळालेल्या वाफ्यांत जमिनीवरची वाढ दुपटीच्या घरात गेली. पण मिशेल मॅक यांच्या गटाने २००४ साली माती खोलवर तपासली, तेव्हा दर चौरस मीटरमागे जवळपास दोन हजार ग्रॅम कार्बन निघून गेलेला आढळला. फांद्यांत जमा झाला त्यापेक्षा कितीतरी जास्त खालून उडाला. याविरुद्ध २०१३ सालचा एक अभ्यास ठेवावाच लागेल: त्याच परिसरात केवळ हवा उबदार ठेवलेल्या हरितगृहांत दोन दशकांनंतरही मातीतला एकूण कार्बन घटलेला नव्हता. तो अभ्यास मला मान्य आहे. पण त्या हरितगृहांतही काष्ठमय झुडपांचेच राज्य आले होते. कार्बनचा ताळेबंद प्रयोगाप्रमाणे बदलला, समूहाची दिशा मात्र दोन्हीकडे एकच होती.

सर्वांत ताजा आक्षेप संख्येचा आहे. २०२५ साली ४५ ठिकाणच्या २,१७४ वाफ्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. १९८१ ते २०२२ या काळात सरासरी प्रजातीसंख्येत ठरावीक वाढ किंवा घट नव्हती. मग नुकसान झालेच नाही, असे म्हणावे का? त्याच आढाव्यानुसार ५९ टक्के वाफ्यांत प्रजाती आल्या किंवा गेल्या, आणि जिथे झुडपे पसरली तिथे जाणाऱ्या जास्त होत्या. सरासरीने बेरीज-वजाबाकी झाकून टाकली, एवढेच. शिवाय या मोजणीत शेवाळ आणि लायकेन नाहीत. आपल्या गोडा मसाल्यातले दगडफूल हेही एक लायकेनच; अशाच लायकेनवर रेनडिअर आणि कॅरिबूंचा हिवाळा निघतो. ते वर्षाला काही मिलीमीटर वाढते. भूर्जाच्या पाचोळ्याखाली एकदा दबले की पुन्हा डोके वर काढत नाही. कळपाच्या दृष्टीने हा बदल केवळ यादीतला नाही, थेट चाऱ्यातला आहे.

ही वाटचाल एकसुरी नाही, हेही मान्य केले पाहिजे. उत्तर स्कँडिनेव्हियात रेनडिअरांनी चरलेल्या भागात झुडपांची वाढ रोखली जाते. सायबेरियात भूर्जाची सावली उन्हाळ्यात जमीन थंड ठेवते. तिथे झुडपे छाटलेल्या वाफ्यांखालचा गोठलेला थर जास्त वितळला आणि जमीन खचली. पण हिवाळ्यात हीच झुडपे वाहता बर्फ अडवतात, बर्फाची रजई माती उबदार ठेवते, आणि वसंतात बर्फातून वर आलेल्या काळ्या फांद्या ऊन शोषून वितळणे लवकर सुरू करतात. काही वर्षी हिवाळाच उलटतो. डिसेंबर २००७ मध्ये उत्तर स्कँडिनेव्हियात अचानक ऊब येऊन बर्फ वितळला, मग उघड्या पडलेल्या झुडपांवर थंडी परतली. पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या क्रोबेरीची वाढ ८७ टक्क्यांनी खाली आली. त्याच २००७ साली अलास्कात अनाक्तुवुक नदीकाठी लागलेल्या वणव्यात हजार चौरस किलोमीटरहून अधिक टुंड्रा जळाला. हे धक्के वाढीचा आलेख वाकडा करतात, तो रद्द करत नाहीत.

हे सारे कळले ते एकाच जागी दशकानुदशके परत जाऊन मोजणाऱ्यांमुळे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंड इथे २००८ पासून भारताचे हिमाद्री केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. न्यू-ओलेसुंडचा ध्रुवीय विलो अजून जमिनीला चिकटून, जेमतेम काही सेंटीमीटर उंचीचा आहे. २०२२ च्या भारताच्या आर्क्टिक धोरणाखाली पैसा देणाऱ्यांनी तिथल्या वनस्पतींची मोजणी तीन-तीन वर्षांच्या प्रकल्पांच्या भरवशावर सोडू नये. तिथे वाफे आखावेत आणि निदान तीस वर्षे त्याच वाफ्यांवर, त्याच पद्धतीने, उंची धरून नोंद ठेवावी.