पिस्टनवरचं ओझं आणि गाडीचं ‘अपग्रेड’



दहावीला दंडगोलाचं घनफळ शिकवताना मी फळ्यावर दोनच आकडे लिहितो. व्यास ८९ मिमी, उंची ६० मिमी. मुलं आकडेमोड करतात, उत्तर येतं ३७३ घनसेंमी. लगेच मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, ही तर ड्यूक ३९०!” बरोबर. २०१३ पासून आपल्या चाकणला बनलेल्या जुन्या ड्यूकचा हा सिलिंडर. मग दुसरे आकडे देतो, ७२ आणि ८५.८. उत्तर ३४९. ही रॉयल एनफिल्डची नवी क्लासिक.

आता प्रश्न असा, की सिलिंडर जवळपास सारखेच असताना ड्यूकची ताकद सुमारे ४३ अश्वशक्ती आणि क्लासिकची २० कशी?

मुख्य कारण म्हणजे फेऱ्या. क्लासिक पूर्ण ताकद मिनिटाला ६१०० फेऱ्यांना देते, ड्यूक ९००० ला. जितके जास्त स्फोट तितकी ताकद जास्त. पण त्याची किंमत पिस्टन मोजतो. ९००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १५०, आणि प्रत्येक फेरीत पिस्टन दोनदा थांबून उलटा फिरतो. म्हणजे सेकंदाला ३०० वेळा! त्या क्षणी त्याचं त्वरण साधारण स्ट्रोकची निम्मी लांबी गुणिले कोनीय वेगाचा वर्ग एवढं असतं. कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणाचा हिशेब सध्या सोडून देऊ. ड्यूकसाठी हे त्वरण येतं सुमारे २६,६०० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या २,७०० पट. समजा पिस्टन पाव किलोचा आहे, तर रॉडवर ६८० किलो वजनाएवढी ओढ बसते. तेवढाच पिस्टन क्लासिकमध्ये कल्पिला तर ४४५ किलो.

वर्गाची गंमत (खरं तर धोका) इथेच आहे. कुणीतरी ईसीयूमध्ये फेऱ्यांची मर्यादा फक्त १० टक्के वाढवून देतो. मुलाला वाटतं, दहा टक्केच तर आहे. पण १.१ चा वर्ग १.२१. ओढ २१ टक्क्यांनी वाढली, ६८० चे ८२० झाले. रॉड, त्याचे बोल्ट आणि बेअरिंग मात्र तेच. कंपनीने राखून ठेवलेली ताकद आपण अशी खर्च करून टाकतो, आणि ती संपत आल्याचं मीटरवर कुठेच दिसत नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने सेकंडहँड गाडी घेतली, गॅरेजमध्ये मोठं बोअर किट बसवलं, एअर फिल्टर काढून मोकळा केला. मला कौतुकाने दाखवायला आला होता आणि मी नुसतं “छान” म्हणालो, हे अजून टोचतं. मोकळ्या फिल्टरमधून हवा जास्त जाते. त्या प्रमाणात पेट्रोल वाढवलं नाही तर मिश्रण पातळ होतं, आणि पूर्ण थ्रॉटलला इंजिन प्रमाणाबाहेर तापतं. पिस्टन फुगतो, ऑइलचा थर फाटतो, पिस्टन सिलिंडरला धरतो. आपण म्हणतो, इंजिन सीज झालं. त्याचं हायवेवर झालं. इंजिन अडकलं की क्लच दाबेपर्यंत मागचं चाकही अडकतं. गळ्याचं हाड मोडलं. मागे ट्रक नव्हता म्हणून तेवढ्यावर निभावलं.

पालक विचारतात, मग काहीच बदलू द्यायचं नाही का? चांगले टायर, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट यांवर खुशाल खर्च करा. गाडी थंड असताना रेझ करू देऊ नका, ऑइल अजून पातळ होऊन सगळीकडे पोचलेलं नसतं. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच टाका. बाईकचा क्लच बहुधा त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे कारचं गुळगुळीत ऑइल टाकलं की प्लेटा सटकतात. जास्त फेऱ्यांच्या इंजिनात टॅपेटची फट वेळेवर तपासणं तर सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं, कारण मजुरी जास्त पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधनं आहेत, तेही मुलांच्या कानावर घाला.

शिक्षकांसाठी एक गृहपाठ. हिरो स्प्लेंडरचा व्यास ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी, फेऱ्या ८०००. मुलांना आधी घनफळ काढायला सांगा, मग पिस्टनचं त्वरण. ते क्लासिकच्या त्वरणाच्या इतकं जवळ येतं, की मुलं गणित चुकलं समजून पुन्हा करायला बसतात.